डाव्या पायाची कारागीर

बूट शिवण्यात माझी अकरा वर्षं गेली, पण उजव्या पायाचा बूट मी एकही शिवला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. परवा धुळ्याच्या देवपुरात लेकीबरोबर नातीचे शाळेचे बूट घ्यायला गेले होते. दुकानदाराने जोड पुढे ठेवला आणि मी सवयीने त्यातला डावा उचलून आत बोटं घातली, कडेची शिलाई चाचपायला. शिलाई कुठली! सगळा बूट साच्यातून काढलेला, वर टाके नुसते दाखवायला उमटवलेले. मी बूट नाकाशी नेला, तसा लेकीने माझा हात खाली ओढला. "आई, दुकान आहे हे," ती दातओठ खात कुजबुजली. दुकानदार बिचारा म्हणाला, "मावशी, नवा माल आहे, वास नाही येणार." अरे बाबा, येत नाही हेच तर माझं रडगाणं आहे.

आमच्या बुटांना वास यायचा. चामड्याचा, आणि कडा चिकटवायला लागणाऱ्या सोल्युशनचा. डोकं भणभणायचं पहिल्या आठवड्यात. नंतर इतकी सवय झाली की रविवारी घरी बसलं की काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं.

आमची शेड जळगावात हायवेच्या कडेला होती. वर पत्रा, खाली फरशी, उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. तिथे शाळेचे काळे बूट बनायचे. चामडं कापायचं काम पुरुषांचं. बुटाचा वरचा भाग मशीनवर शिवायचं काम आम्हा बायांचं. मग तो शिवलेला भाग फर्म्यावर, म्हणजे लाकडाच्या पावलावर, ओढून बसवायचा आणि खाली तळ चिकटवायचा, हे परत पुरुषांचं. फर्म्याला बाईने हात लावायचा नाही असा तिथला दंडक. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर उत्तर आलं, "ताकद लागती." पाण्याने भरलेले दोन हंडे डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला ताकदीचं सांगत होते!

शेडचे उस्ताद आग्र्याहून आलेले. त्यांचा एक नियम होता, तो मी पुढे कुठेच ऐकला नाही. एका बाईने एकच पाय शिवायचा. डाव्या पायाची कड एकीकडे वळते, उजव्याची दुसरीकडे. ते म्हणायचे, "हाथ को एक ही मोड़ सिखाओ. दो सिखाओगे तो दोनों भूलेगा." म्हणून आम्ही बाया जोडीने बसायचो. दोन मशीनं शेजारी शेजारी, एकावर डावी, एकावर उजवी. एका बुटाच्या जोडाला दोन बाया. पण दोघींचे टाके सारखे पडले पाहिजेत, नाहीतर जोड विजोड दिसतो. म्हणून नवीन बाई आली की उस्ताद तिला एक तुकडा शिवायला द्यायचे, आणि तो हातात घेऊन सगळ्या मशीनांवरून फिरायचे, कुणाच्या टाक्याशी मिळतो ते बघत. लग्नाला पत्रिका बघतात तशी आमची पत्रिका टाक्यांवरून जुळायची. माझी अक्काशी जुळली.

अक्का माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. विधवा, जळगावातलीच. तिच्या घरात आज्यापासून वहाणा करायचं काम चालत आलेलं. ती उजवी, मी डावी. शेडमध्ये आम्हाला नावं नव्हतीच म्हणा ना. "काय व डावे, आज उशीर?" असंच ती हाक मारायची. बाया एकमेकींना चिडवायच्या, "तुझा नवरा एक दिवस नसला तर चालेल, तुझी उजवी नसली तर कशी करशील?" आणि ते खरंच होतं. एक आली नाही तर दुसरीचा हात रिकामा. ताप आला तरी आम्ही जोडीदारणीसाठी यायचो. अक्का तर एकदा मला आणायला थेट नशिराबादच्या फाट्यापर्यंत आली होती. फाट्यावर उभी राहिली, निरोप धाडला. घरी आली नाही.

घरी का आली नाही, ते सांगते.

माझं माहेर धुळ्याकडचं, सासर नशिराबादला. लग्न ठरलं तेव्हा माय म्हणाली होती, "घर चांगलं शे, सासू नही, तुले काय तरास?" सासू नव्हती, पण सासरे होते. आबा. कोरडवाहू शेती, ताठ कणा, आणि शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे कापसाच्या हंगामापुरतं काम. लेक बालवाडीत जायला लागली तशी मी म्हटलं, मलाही काहीतरी करू द्या. गल्लीतल्या एकीने बुटाच्या शेडचं सांगितलं. आबांनी ओट्यावरून ऐकलं आणि आतल्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निंदायले जा, येचायले जा. पन आपल्या घरची बाई जोडे शिवायले जानार नाही. उपाशी मेलो तरी नाही."

झालं. मग मी काय केलं? दप्तरं शिवायच्या कारखान्यात जाते असं सांगितलं आणि बुटाच्या शेडमध्ये जायला लागले. ह्यांना खरं माहीत होतं. पण ह्यांचा स्वभाव असा, की दोन माणसं भांडायला लागली की हे गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसणार. दोन वर्षं मी बिनदिक्कत खोटं बोलले. आबा कधी विचारत, "किती दप्तरं झाली आज?" मी बुटांचा आकडा सांगायची.

शेडमध्येही मी काही फार शहाणी नव्हते. आमच्या घरी अक्काच्या लोकांच्या हातचं पाणी चालत नसे. पहिले पंधरा दिवस मी जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सोळाव्या दिवशी अक्का माझ्या समोर येऊन बसली आणि न विचारता तिच्या डब्यातलं भरलं वांगं माझ्या भाकरीवर ठेवलं. "खाय. नाहीतर फेक. पन तोंड इकडे कर, मले भिंतीशी बोलता येत नाही." मी खाल्लं. देवाशपथ सांगते, तसं वांगं मी आजवर खाल्लं नाही. शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला आणि तेल कसं बेताचं. दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जासारखं आपणहून विचारलं, "आज काय आणलंय, अक्का?" ती हसली. तिचा पुढचा एक दात तुटलेला होता, हसली की पोरीसारखी दिसायची.

अर्थात हेही घरी सांगितलं नाही.

ते दिवस मला आठवतात ते आवाजाने. बारा मशीनं एकदम चालू असायची. मध्येच एखादीचा दोरा तुटायचा आणि तिच्या जोडीदारणीचं मशीन आपोआप थांबायचं, शेजारणीसाठी थांबायचं म्हणून. बोलायचो मोठ्याने, नाहीतर ऐकू येणार नाही. सासरच्या तक्रारी, लेकरांची दुखणी, कुणाचा नवरा पिऊन आला, सगळं ओरडून. शेवटी फर्म्याजवळचे पुरुष म्हणायचे, "बायांनो, गुपितं तरी हळू बोला." जूनच्या आधी कामाची धांदल उडायची. शाळा सुरू झाल्या की मी एस.टी.तून जाताना पोरांच्या पायांकडे बघायची. जिल्ह्यातली किती पोरं माझा डावा घालून शाळेत गेली असतील! ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "आणि लंगडत गेली असतील." असा हा माणूस. पण मला मनापासून सांगायचंय, मी त्या शेडमध्ये सुखी होते. घरात मी सून होते, आई होते, शेतात मजूर होते. तिथे मी कारागीर होते. ती शेड सुटली तर मी वेडी होईन असं मला वाटायचं.

आणि सुटायची वेळ आली ती आबांच्या पायामुळे.

आबांच्या एका पायाची दोन बोटं फार पूर्वी गाडीच्या चाकाखाली आली होती. पंजा आखूड आणि पसरट झालेला. कुठलीच चप्पल त्यात बसायची नाही, म्हणून अनवाणीच फिरायचे. त्या वर्षी त्याच पायात बाभळीचा काटा मोडला. जखम चिघळली, जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं तर साखर निघाली. पाय वाचला, पण डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, "यापुढे अनवाणी चालू देऊ नका. पुन्हा जखम झाली तर पाय कापावा लागेल." आता चप्पल पायात बसत नाही आणि अनवाणी चालायचं नाही. आबांचं शेत सुटलं. ओट्यावर बसून राहायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला पूर्वी हाक मारायचे, तीही बंद झाली. ताठ माणूस वाकलेला बघवत नाही हो.

मी दिवसभर बूट शिवायची. ज्या पायाला बाजारात जोडा नाही त्याच्यासाठी तो बनवता येतो, हे मला माहीत होतं. मापाप्रमाणे फर्म्यावर चामड्याचे तुकडे डकवून त्याचा आकार बदलायचा, झालं. पण बूट आणला तर आबा विचारणार, कुठून आणला? माझं बिंग फुटलं तर शेड गेली. चार दिवस मी गप्प बसले. पाचव्या दिवशी त्यांना भिंत धरून संडासला जाताना बघितलं आणि ठरवलं, बनवायचा. ह्यांनी सांगायचं, जळगावच्या बाजारातून आणला म्हणून.

माप कसं घेणार? सासऱ्याच्या पायाला दोरी लावून? मी न्हाणीच्या दाराशी जुने पेपर अंथरले, "पाय घसरेल आबा," म्हणून. आंघोळ करून आबा त्यावरून गेले. ओल्या पावलांभोवती मी झटकन लेकीच्या पेन्सिलीने रेघा ओढल्या, दोन्ही पावलं कात्रीने कापली आणि डब्याच्या पिशवीत घातली. स्वतःवर इतकी खूश होते की सांगायची सोय नाही.

शेडमध्ये अक्काने विचारलं, "दुखरा पाय कोनता? तुह्या का माह्या?"

मी म्हटलं, "माझा. डावा."

आता हसा. मी आबांना रोज बघायची ती समोरून, ताट वाढताना, मान खाली घालून. समोर बसलेल्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो. माझ्या डाव्या हाताला दुखरा पाय, तो माझ्या बाजूचा, म्हणजे डावा, असं दोन वर्षं डावाच पाय शिवून माझ्या डोक्यात बसलेलं. जखमेची पट्टी हे करायचे, त्यामुळे तो पाय मी हातात कधी धरलाच नव्हता. आणि कापलेला कागद पालथा घातला की उजव्याचा डावा होतो. पेपरला दोन्ही बाजूंनी अक्षरं, सुलट बाजू कुठली ते कोण सांगणार! मी वाकडं पाऊल माझ्या हाताला सोयीचं असं ठेवलं, आणि मन लावून शिवलं. उस्तादांनी फर्मा तयार करून दिला. साधा पाय अक्काने शिवला. तीन दुपारी आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसलो. जोड असा झाला की उस्ताद "वाह" म्हणाले, आणि उस्ताद सहसा "ठीक है" च्या वर जात नसत.

संध्याकाळी ह्यांनी जोड आबांसमोर ठेवला. ठरल्याप्रमाणे म्हणाले, "बाजारात मिळाला." मी दाराआडून बघत होते. आबांनी डावा पाय डाव्या बुटात घातला. चांगला पाय, तो त्या आखूड पसरट बुटात जाईना. उजवा, दुखरा, अक्काच्या निमुळत्या बुटात घातला, तर अर्ध्यातच अडकला. काय चुकलं ते मला त्या क्षणी कळलं.

आबांनी दोन्ही बूट हातात घेतले. उलटसुलट करून बघितले. मग सावकाश म्हणाले, "ह्या बुटाले माह्या पाय माहीत हाये. पन कोनता, ते माहीत नाही."

हे छपराकडे बघायला लागले.

आबांनी बूट नाकाशी नेला. "असाच वास दोन वरसापासून भाकरीले येते," ते म्हणाले. आणि दाराकडे न बघता मला हाक मारली. "सूनबाई. उद्या मले घेऊन चाल. कुठी जाते ते पाहू दे."

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी काळी-पिवळीतून आम्ही निघालो. आबांच्या पायाला ह्यांनी गोणपाट गुंडाळून दिलेलं. मी मनात शेडचा निरोप घेत होते, माझ्या मशीनचा, खिडकीचा, अक्काचा. मला रडू येत होतं आणि रागही. माणसाचा पाय वाचवायला गेले तर ही शिक्षा! आबांचा राग, माझ्या मूर्खपणाचा राग, कागदाचासुद्धा राग.

आबा शेडच्या दारात उभे राहिले आणि मशीनं एकेक करून बंद पडली. उस्तादांनी स्टूल पुढे केलं. आबा बसले. बायांकडे, टांगलेल्या फर्म्यांकडे, काळ्या बुटांच्या राशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिले न्यायले आलो. आमच्या घरी हे काम चालत नाही."

अक्का तेवढी उठली. हातातली कात्री तिने मशीनवर ठेवली आणि आबांसमोर येऊन फरशीवर बसली.

"आबा, तुमच्या पायाले बूट मी बनवून देते. उजवा माह्या हातचा. तो मी शिवीन. पन डावा तुमची सून शिवीन. इथी एक पाय मिळत नाही. घ्या तर जोड घ्या."

आबांचा चेहरा लाल झाला. "सुनेच्या हातचं पायात घालू? लक्ष्मी हाये ती घरची."

"आन आमच्या हातचं जनमभर घातलं तुमच्या घरानं," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, भाजीचा भाव विचारावा तसं बोलली. "आमचे हात हात नव्हते का?"

अक्काला काय गरज होती? माझी नोकरी गेली असती तर तिला दुसरी डावी मिळाली असती. नवीन तुकडा, नवीन पत्रिका. पण ती माझ्यासाठी भांडली. अशी माझ्यासाठी माझी सख्खी बहीण भांडली नाही.

आबांनी पायाचं गोणपाट स्वतः सोडलं आणि म्हणाले, "घ्या माप."

अक्काने त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. मी डाव्याशी बसले. नमस्कारापलीकडे त्या पायाला मी पहिल्यांदाच हात लावला. रेघ वाकडी आली. अक्का पुटपुटली, "नीट पाहून घे बाई, डावाच हाये ना?" आणि सगळी शेड हसली. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं.

चार दिवसांनी आबा जोड घालायला आले. अक्काने उजवा चढवला, मी डावा. आबा उभे राहिले. शेडच्या दारापर्यंत गेले, परत आले, मग पुन्हा गेले आणि या खेपेला बाहेर रस्त्यापर्यंत. भिंत धरली नाही. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, धुळीचं निमित्त केलं त्यांनी. मला म्हणाले, "उद्यापासून डबा जरा लवकर करत जा. कामाले उशीर नको व्हायले."

माझी शेड वाचली! बायांनी मला असा गराडा घातला की विचारू नका. कुणीतरी पाठीत धपाटा घातला. मला इतका आनंद झाला होता की कुठे बघू, काय करू कळेना.

शेडमध्ये कुणी नवा जोड तिथेच पायात घातला की चहा व्हायचा. स्टोव्ह कोपऱ्यातच होता. अक्काने आलं टाकून चहा केला आणि पहिला ग्लास स्वतः आबांसमोर धरला.

आबा म्हणाले, "मले चहा चालत नाही."

घरी दिवसातून सहा वेळा चहा पिणारा माणूस. अक्काला ते माहीत होतं. त्यांच्या चहाचं रडगाणं मी रोज तिच्याचपुढे गायची. ती ग्लास धरून तशीच उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

आणि मी म्हणाले, "हो अक्का, आबा चहा घेतच नाहीत."

मला कुणी विचारलंही नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण मिळालेली गोष्ट हातची जाईल, आबा पुन्हा फिरतील, या भीतीने माझी जीभ माझ्या आधी धावली. जिने पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या पायात बूट चढवला होता, जिच्या डब्यातलं मी दोन वर्षं मागून मागून खात होते, तिच्या तोंडावर मी हे बोलले.

"बरं," अक्का म्हणाली. ग्लास तिने उस्तादांपुढे ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही शेजारी बसलो. अक्का बदलली नाही. तशीच हाक, तसाच डबा, तसंच हसणं. आबांच्या बुटांचे तळ दोनदा झिजले, दोन्ही वेळा तिनेच उस्तादांकडून बदलून घेतले. त्या चहाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही. पुढे साच्यातले बूट आले, आमच्या जोड्या एकेक करून कमी झाल्या आणि शेवटी शेडला कुलूप लागलं. अक्का बोदवडला लेकीकडे गेली. तिथेच वारली ती. मला आठ दिवसांनी कळलं.

पण कुलूप लागायच्या साधारण वर्षभर आधीची गोष्ट सांगायची राहिली. आबा तेव्हा थकले होते. एका संध्याकाळी शेतातून आले, ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी चहा पुढे ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या बाईचा चहा घ्यायले पाह्यजे होता."

कोणती बाई, कोणता चहा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आठ वर्षं झाली होती.

"चुकलंच माह्यं," ते म्हणाले. "तू सांग तिले. सांगशील ना?"

मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या दिवशी ठरवूनच गेले. वाटेत शब्दसुद्धा जुळवले. अक्काशेजारी बसले, मशीनमध्ये दोरा ओवला. आबांचा निरोप सांगायचा म्हणजे त्या दिवशीच्या त्यांच्या वाक्यापुढचं माझं वाक्यही सांगावं लागणार होतं. आबा चुकले म्हणाले होते. मी काय म्हणणार होते? सकाळ गेली, जेवणाची सुट्टी गेली. मी शिवत राहिले.

"काय व डावे, आज गप्पच?" अक्काने विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय," मी म्हटलं.

तिने मशीन थांबवलं. कमरेच्या पिशवीतून बामची डबी काढली, माझी मान आपल्याकडे वळवली आणि स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला बाम चोळत बसली. बराच वेळ चोळत होती.